राणी पाळावी, विकू नये

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
रावेर तालुका, जिल्हा जळगाव.



मृग तोंडावर आला आहे. मृगबागेची लागवड, रोपे, ठिबकच्या नळ्या यांच्या धावपळीत आपल्यापैकी बहुतेकांना फुरसत नसेल, हे मी जाणतो. मीही केळीवालाच आहे. तरी हे पत्र आताच लिहायला हवे, कारण ज्या जिवाबद्दल ते आहे त्याचा हंगामही हाच आहे. पहिला दमदार पाऊस पडून जमीन भिजली की एखाद्या वारा पडलेल्या दमट संध्याकाळी बांधावरच्या बिळांतून पंखांचे मुंगळे बाहेर पडतील आणि सावद्यापासून पालपर्यंत दिव्यांखाली घिरट्या घालतील. त्यांतल्या काही राण्या असतील. अशी एखादी राणी काचेच्या नळीत ठेवून तिची वसाहत वाढवणारी मुले आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्या पाठीशी समित्यांनी उभे राहावे, आणि राण्यांची खरेदी-विक्री मात्र आपल्या हद्दीत रुजू देऊ नये, अशी माझी विनंती आहे. या दोन वेगळ्या मागण्या वाटतील. माझ्या लेखी ती एकच आहे.

आधी राणीबद्दल सांगतो, कारण ती कळली तर पुढचे सगळे आपोआप कळेल.

मुक्ताईच्या अभंगामुळे मुंगी आणि आकाश यांचे नाते आपल्याकडे, मुक्ताईनगरच्या शेजारी, लहान मुलालाही ठाऊक असते. त्या कूट अभंगाचा अर्थ जाणकारांनी सांगावा. पण मुंगी खरोखर उडते, आणि तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना त्या उड्डाणातच घडते. पंख फुटले की मुंगीचे मरण जवळ आले असे आपण म्हणतो. नराच्या बाबतीत ते खरे आहे. मीलन झाले की तो थोड्याच दिवसांत मरतो. राणीचे आयुष्य मात्र तिथून सुरू होते. उड्डाणाच्या वेळी मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका छोट्या पिशवीत जिवंत ठेवते आणि त्यांच्या बळावर पुढची कितीतरी वर्षे अंडी घालत राहते. जमिनीवर उतरली की ती स्वतःचे पंख स्वतः पाडते. ओल्या मातीत एक लहानशी खोली खणते, आत शिरते आणि दार आतून बुजवून टाकते. त्यानंतर, बऱ्याच जातींत, पहिल्या मुंग्या तयार होईपर्यंत ती अन्नाला शिवत नाही. उडण्यासाठी छातीत बाळगलेले दणकट स्नायू आता कामाचे नसतात. तेच विरघळवून त्यावर ती स्वतः जगते आणि अळ्यांना भरवते. पहिल्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा लहान निपजतात, कारण आईजवळ द्यायला तेवढेच असते. त्या दार फोडून बाहेर पडतात, अन्न घेऊन येतात आणि मग ती वसाहत खऱ्या अर्थाने उभी राहते.

इंग्लंडात जॉन लबक याने पाळलेली एक राणी जवळजवळ 15 वर्षे जगली. जर्मनीत हेर्मान आपेल याच्याकडची काळ्या बागमुंगीची राणी पावणेएकोणतीस वर्षे जगली. आपल्याकडे बैलही इतका जगत नाही. काही मिलिमीटरच्या कामकरी मुंग्यांच्या घरात तीन दशके टिकणारी आई असते, हे ज्या मुलाने स्वतःच्या टेबलावर पाहायला सुरुवात केली, ते मूल पुढे मुंगी पायाखाली येताच पाऊल उचलते. हे मी मुलांच्या वागण्यात पाहिले आहे.

दिव्याखाली आलेले सगळे पंखवाले जीव मुंग्या नसतात, हे मुलांना आधी शिकवावे लागते. त्याच संध्याकाळी वाळवीचेही थवे उठतात. वाळवीचे चारही पंख सारखे लांब, अंग एकसलग, मिशा सरळ. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. मुंग्यांतही नर बारीक आणि लहान डोक्याचा, राणी भरदार छातीची. आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा, ज्याला शास्त्रात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात, त्याची राणी पाळायला सर्वांत सोपी, कारण ती बंद खोलीत एकटी संसार उभा करणाऱ्यांपैकी आहे. पंख पाडून जमिनीवर एकटीच फिरणारी राणी दिसली तर तिचे मीलन झाले असण्याची शक्यता मोठी. तीच उचलावी. पंख असलेली सोडून द्यावी.

पाळायला काय लागते? शाळेच्या प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी, पाणी आणि कापूस. नळीत तळाशी थोडे पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, आणि तोंडाशी दुसरा सैल बोळा. नळी कापडात गुंडाळून अंधारात ठेवायची. आपल्या उन्हाळ्याची धग जूनमध्येही ओसरलेली नसते, म्हणून पत्र्याच्या खोलीत नको. माठाशेजारची जमीन उत्तम. पुढचे सर्वांत अवघड काम म्हणजे काहीच न करणे. मुलांना दर तासाला उघडून बघायचे असते, आणि प्रत्येक धक्क्याने राणी बिथरते. फार त्रास झाला तर ती स्वतःची अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा, लाल जिलेटीनमधून, क्षणभर पाहायचे. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही. अंडी, मग अळ्या, मग कोष, आणि साधारण महिना-दीड महिन्याने पहिली फिकट कामकरी. त्या दिवसापासून साखरपाण्याचा एक थेंब आणि मेलेल्या माशीचा तुकडा पुरतो. फवारणी झालेल्या बागेतला किडा मात्र कधीही द्यायचा नाही, एका घासात वसाहत संपते.

यातून मूल जे शिकते ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात एवढ्या स्पष्टपणे नाही. एक मुंगी दुसरीच्या तोंडाला तोंड लावून पोटातले अन्न देते. मेलेल्या मुंग्यांची रास सगळ्या मिळून एकाच कोपऱ्यात नेऊन टाकतात. ऊन वाढले की कोष ओल्या बाजूला हलवले जातात, आणि हे कोणाच्या हुकमाने होत नाही. राणी हे नाव आपण दिले. ती आज्ञा करत नाही, अंडी घालते. डायकॅमा नावाच्या, दख्खनच्या पठारावर सर्रास आढळणाऱ्या मुंगीत तर राणी नावाची वेगळी जातच नाही. कामकरी मुंग्यांपैकीच एकजण मीलन करून अंडी घालते, आणि बाकीच्यांच्या छातीवरचे दोन छोटे अवयव कुरतडून त्यांना त्या हक्कातून वगळले जाते. राण्या जमवायला निघालेल्या माणसाला डायकॅमाची राणी कधीच सापडायची नाही.

हा छंद परदेशी आहे, आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. मुंग्यांकडे बारकाईने पाहण्याच्या इतिहासात महाराष्ट्राची जमीन फार आधीपासून आहे. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स पुण्यात असताना त्याने पाहिले की पावसाने भिजलेले गवताचे बी मुंग्या उन्हात वाळवायला बिळाबाहेर आणून ठेवतात. मुंग्या धान्य साठवतात ही जुनी समजूत खोटी आहे असे त्या काळी युरोपातले विद्वान मानत होते. साइक्सचा लेख 1835 साली छापून आला, आणि पुण्याच्या त्या मुंगीला त्याने प्रोव्हिडेन्स, म्हणजे पुढची तजवीज करणारी, असे नाव दिले. फायडोले प्रोव्हिडेन्स म्हणून ती आजही ओळखली जाते. ज्वारी-बाजरीच्या खळ्यावर वाढलेल्या आपल्या आजोबांना यात नवल वाटले नसते. पण त्यांनी ते लिहून ठेवले नाही, साइक्सने ठेवले.

पुढे रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या मुंग्यांवर 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले आणि नमुने स्वित्झर्लंडला ऑगुस्त फोरेल यांच्याकडे पाठवले. फोरेल यांनी कितीतरी जातींना रॉटनचे नाव दिले. त्यांच्या संग्रहातले भारतीय मुंग्यांचे मूळ नमुने आज जिनिव्हाच्या संग्रहालयात आहेत, आणि फोरेल यांचे चित्र मुंग्यांसह स्विस हजाराच्या नोटेवर अनेक वर्षे छापले जात होते. 1903 साली बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरचा खंड आला. 2016 च्या सूचीप्रमाणे भारतात 828 जाती-उपजातींची नोंद आहे. त्यांपैकी रावेर तालुक्यात कोणत्या, हे सातपुड्याच्या पायथ्याचे मुरूम, सुकीचा काठ, तापीकाठची काळी जमीन आणि आपल्या बागा पालथ्या घालून आपणच लिहायचे आहे. बाहेरून येऊन लिहिणारा येईल तेव्हा येईल.

आता बाजाराकडे वळतो.

एप्रिल 2025 मध्ये केनियात बेल्जियमचे दोन तरुण पकडले गेले. त्यांच्याकडे सुमारे 5,000 मुंग्या होत्या, त्यांत राण्याच मुख्य. दोन हजारांहून अधिक नळ्या, प्रत्येकीत कापूस आणि ओलावा, मुंगी दोन महिने तग धरेल अशी सोय. वर सांगितलेली नळी आणि ही नळी एकच. मेसॉर सेफालोटेस या आफ्रिकेतल्या मोठ्या बी गोळा करणाऱ्या मुंगीच्या एका राणीला युरोपात दीडशे पौंडांच्या वर भाव मिळतो, असे त्या वेळी बातम्यांत आले. आपण छंद म्हणून जमवल्या, हे बेकायदा आहे हे ठाऊक नव्हते, असे त्या तरुणांचे म्हणणे होते. व्हिएतनामचा एक आणि केनियाचा एक अशा आणखी दोघांवरही त्याच सुमारास खटला चालला. 7 मे रोजी न्यायालयाने चौघांनाही प्रत्येकी 10 लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर 12 महिने कैद, अशी शिक्षा दिली. तोवर जगाला प्राण्यांची तस्करी म्हटले की हस्तिदंत आणि गेंड्याचे शिंग आठवत होते.

चीनमधल्या इंटरनेटवरच्या मुंगीविक्रीचा संशोधकांनी सहा महिने माग काढला, तेव्हा 58,000 हून जास्त वसाहती विकल्या गेल्याचे दिसले, आणि विकलेल्या जातींपैकी पावाहून अधिक चीनच्या नव्हत्या. लोझानच्या दोन शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवले की छंदाच्या बाजारात परक्या प्रदेशात माजणाऱ्या मुंग्यांचे प्रमाण जास्त आहे. कारण साधे आहे: जी मुंगी कुठेही जगते, काहीही खाते आणि भराभर वाढते, तीच पाळायला सोपी, म्हणून तीच जास्त खपते. आणि तीच सुटली तर आवरत नाही.

सुटली तर काय होते हे पाहायला परदेशात जायला नको. तामिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात, करंदमलैच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत 2022 साली पिवळ्या वेड्या मुंगीचा उद्रेक झाला. तिच्या आम्लाने गुरांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि गुराख्यांनी जंगलाकडची बाजू सोडली. त्याच मुंगीने हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांचे लाखोंनी मरण घडवले.

आपण केळीवाले आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे. मुंगी माव्याची राखण करते. मावा रस शोषून जो गोड चिकटा सोडतो तो तिला हवा असतो, आणि बदल्यात ती माव्याच्या शत्रूंना हुसकावते. हरण्या रोगाचा विषाणू मावाच पसरवतो, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. उभ्या बागा उपटून टाकण्याचे दिवस त्याने पाहिले आहेत. आज आपल्या बागांतल्या मुंग्या, मावा आणि माव्याला खाणारे ढालकिडे यांचा काहीएक तोल बसलेला आहे. त्यात बाहेरून कुरिअरने आलेली, माव्याची अधिक कडक राखण करणारी एखादी मुंगी मिसळली तर तो तोल कोणत्या बाजूला झुकेल याची परीक्षा आपल्या बागेवर व्हायला नको.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. क्यूबात केळीच्या कंदात शिरणाऱ्या सोंडकिडीवर मुंग्यांचाच उपाय झाला. तिथे मोठ्या डोक्याच्या मुंग्यांच्या वसाहती बागांत नेऊन सोडल्या, आणि त्यांनी सोंडकिडीची अंडी-अळ्या फस्त केल्या. पण तीच मुंगी जगाच्या इतर भागांत स्थानिक मुंग्यांचा फडशा पाडणारी म्हणून बदनाम आहे. म्हणून ती आणा असे मी म्हणत नाही. आपल्या बांधावरच्या मुंग्यांपैकी कोण आपल्यासाठी हे काम आधीच करत असेल, ते पाहा असे म्हणतो. ते पाहणारे डोळे तयार करण्याचा स्वस्त आणि चांगला मार्ग म्हणजे काचेच्या नळीतली ती राणी.

मग राण्या जमवाव्यात की नाही? माझे मत स्पष्ट आहे. उड्डाणानंतर जमिनीवर उतरलेल्या राण्यांपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पाली, बेडूक, पाखरे आणि दुसऱ्या मुंग्या यांच्या पोटात जातात. त्यांतली एक मुलाच्या हाती लागली तर रानाचे काही बिघडत नाही. पण बीळ खणून राणी काढली तर, अनेक जातींत राणी एकच असल्यामुळे, ती अख्खी वसाहत हळूहळू मरते. विक्रीचे गणित इथेच घातक ठरते. विकणाऱ्याला वर्षातून एकदा होणाऱ्या उड्डाणाची वाट पाहणे परवडत नाही, त्याला मागणी असेल तेव्हा माल लागतो, आणि माल बिळात असतो. अमेरिकेत 1956 पासून मिल्टन लेवाइन यांचे काचेचे मुंगीघर लाखो मुलांनी विकत घेतले, पण त्यात राणी नसे. राज्याची हद्द ओलांडून राणी पाठवायला तिथे परवाना लागतो. राणीविना ती वसाहत काही महिन्यांत संपते, हे त्या खेळण्याचे दुःख आहे. आपल्या मुलाला ते सोसावे लागत नाही, कारण त्याची राणी त्याच्याच अंगणात उतरते.

जैविक विविधता अधिनियम 2002 च्या कलम 41 ने प्रत्येक स्थानिक संस्थेत आपली समिती स्थापन करायला लावली. लोक जैवविविधता नोंदवही हे तिचे मुख्य काम. आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. माधव गाडगीळ यांनी लोकांनी स्वतः लिहायच्या नोंदवहीची कल्पना मांडली, तेव्हा गावातल्या जाणत्यांचे ज्ञान कागदावर यावे हा हेतू होता. सर्व समित्यांनी नोंदवह्या पुऱ्या करण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली होती. मुदतीच्या घाईत झाडे आणि पाखरे आधी लिहिली जाणे समजण्यासारखे आहे. आता मुंग्यांचे पान जोडावे. उड्डाण कोणत्या तारखेला झाले, त्याआधी पाऊस किती पडला, वेळ कोणती, जागा कोणती, मुंगी दिसायला कशी, एवढी माहिती शाळेतले मूल भरू शकते. पाच-दहा वर्षे हे नोंदले गेले तर आपल्या तालुक्यात पाऊस आणि मुंगीचे उड्डाण यांचे नाते कसे बदलते आहे हे सांगणारा, इतर कोणाकडे नसलेला दस्तऐवज आपल्या हाती असेल. ओळख पटवायला अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचे द्वीपकल्पीय भारतातल्या मुंग्यांवरचे 2006 चे पुस्तक उपयोगी आहे. पालच्या कृषी विज्ञान केंद्राची आणि जळगावच्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांची मदतही मागता येईल.

त्याच ठरावात समितीने पुढचे लिहावे. एका मुलाने एका हंगामात एकच राणी घ्यावी, तीही जमिनीवर उतरलेली. बीळ खणू नये. यावल अभयारण्याच्या हद्दीतून काहीच उचलू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे तिथून परवान्याशिवाय कोणताही वन्यजीव बाहेर नेता येत नाही. राणी विकू नये, विकत आणू नये, कुरिअरने पाठवू नये, नात्यातल्या मुलालाही दुसऱ्या जिल्ह्यात देऊ नये. छंदाचा कंटाळा आला तर वसाहत जिथून राणी उचलली तिथेच सोडावी. आणि कोणी बाहेरचा माणूस राण्यांसाठी मुलांना पैसे देऊ लागला, तर ते समितीला कळवावे. शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केनियात काय चालले आहे हे नळ्या पकडल्या गेल्यावर कळले. आपल्याकडे शाळेतल्या मुलाच्या तोंडून आधी कळू शकते.

जूनच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, आणि शाळा उघडताच मुख्याध्यापकांना पत्र जावे. पहिल्या पावसाला फार दिवस नाहीत. नळ्या आणि कापूस मी आणून देतो. सभेला बोलावले तर माझ्याकडची वाढलेली वसाहत घेऊन येईन, सदस्यांनी स्वतः पाहावी.

आपला,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक